पोट दिसते, पण गाभण आहे का?

मांजरीचे पोट वाढलेले दिसले की घरात एकच निष्कर्ष निघतो : ‘पिल्लं होणार!’ मुले माळ्यावरून जुना खोका काढतात, आजी दुधाची वाटी मोठी करते, शेजारून ‘एक पिल्लू आमच्यासाठी ठेवा हं’ अशी आगाऊ मागणी येते. आठ दिवस जातात, पंधरा दिवस जातात. मांजरी खोक्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ती कोपऱ्यात बसून राहते, पाणी सारखे पिते, खाण्याला मात्र तोंड लावत नाही. ‘दिवस भरत आले की असंच होतं,’ असे कोणीतरी ठामपणे सांगते आणि आणखी दोन दिवस जातात. शेवटी तिला पशुवैद्याकडे नेले जाते. सोनोग्राफीत पिल्ले दिसत नाहीत. दिसते ते पूने भरलेले गर्भाशय.

पशुवैद्यांना हा प्रसंग नवा नाही. अशा घरांत माया कमी पडलेली नसते. चूक होते ती पोटावर विश्वास ठेवण्यात. मांजरीच्या गाभणपणात पोट हे सगळ्यात उशिरा दिसणारे आणि सगळ्यात फसवे लक्षण आहे. पोट स्पष्ट दिसू लागते तेव्हा निम्मे दिवस संपलेले असतात आणि पोट वाढण्याची इतर कारणेही कमी नाहीत. त्यामुळे लक्ष ठेवायचे ते तीन गोष्टींवर : माजाची तारीख, स्तनाग्रांमधला बदल आणि मांजरीची एकूण तब्येत.

आधी मांजरी की बोका, ते पाहा

हे वाचून हसू येईल. पण ‘मनी’ म्हणून वाढवलेला बोका निघणे ही गोष्ट मुळीच दुर्मीळ नाही. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणे अवघड असते. शेपटी उचलून पाहिल्यास मादीमध्ये शौचाची जागा आणि त्याखालची उभी फट एकमेकांच्या अगदी जवळ असतात. नरामध्ये खालचे छिद्र गोल असते, दोन्हींतले अंतर जास्त असते आणि मध्ये अंडकोशाचा फुगवटा असतो. पांढरा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग अंगावर असलेले मांजर जवळपास नेहमीच मादी असते.

ही खात्री करण्यामागे गंभीर कारण आहे. बोक्याचे पोट अचानक कडक झाले, तो लघवीसाठी पुन्हापुन्हा बसतो, कण्हतो आणि थेंबही येत नाही, तर त्याचा लघवीचा मार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी एक-दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेततो. त्याला ‘पिल्लांच्या कळा’ समजून खोक्यात बसवणे परवडणारे नाही.

माज कसा ओळखावा?

मांजरी साधारण पाच ते नऊ महिन्यांच्या वयात पहिल्यांदा माजावर येते. काही तर चौथ्या महिन्यातच. ‘अजून पिल्लूच आहे ती’ असे घरच्यांना वाटत असतानाच ती गाभण राहू शकते. मांजरीचा माज दिवसाच्या उजेडाशी जोडलेला असतो. उजेडाचे तास वाढले की मेंदूतल्या मेलॅटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि बीजकोशांचे काम सुरू होते. युरोपसारख्या थंड प्रदेशांत त्यामुळे हिवाळ्यात माज थांबतो. आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फारसा लहान होत नाही, त्यात घरात रात्री अकरा-बारापर्यंत दिवे चालू असतात. म्हणून घरात राहणारी मांजरी वर्षात केव्हाही माजावर येऊ शकते.

माजावर आलेल्या मांजरीला रक्तस्राव होत नाही. कुत्रीचा अनुभव असलेले लोक इथे फसतात. मांजरीचा माज ओळखायचा तो वागणुकीवरून. ती रात्रंदिवस एका वेगळ्याच सुरात ओरडते, जमिनीवर लोळते, माणसांच्या पायांना आणि फर्निचरला अंग घासते. पाठीवर हात फिरवला की पुढचा भाग जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलते, शेपटी एका बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी आपटते. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला तिच्या पोटात दुखते आहे असेच वाटते. हा माज साधारण आठवडाभर टिकतो. या काळात बोक्याशी संग झाला नाही तर तो दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो आणि असे चक्र चालू राहते.

मांजरीच्या शरीराची आणखी एक खासियत आहे. माणसात स्त्रीबीज ठरलेल्या वेळी आपोआप बाहेर पडते. मांजरीत मात्र ते बहुधा संगानंतरच बाहेर पडते. संगाच्या वेळी होणाऱ्या उत्तेजनेमुळे मेंदूकडून संप्रेरकाची लाट येते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत बीजे सुटतात. त्यामुळे संग झालेल्या मांजरीला दिवस राहण्याची शक्यता खूपच जास्त असते. माजाच्या काळात तिचा एकाहून अधिक बोक्यांशी संग झाला तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात. एक काळे, एक पट्ट्यांचे आणि एक पांढरे अशी पिल्ले दिसतात त्यामागे हेही एक कारण असते.

भिंतीवरच्या कालनिर्णयाचा उपयोग

गॅसचा सिलिंडर कधी लावला, दूधवाला कोणत्या दिवशी आला नाही, याच्या नोंदी आपल्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर होतातच. त्यातच मांजरीच्या माजाची नोंद करावी. ओरडणे कधी सुरू झाले, कधी थांबले, या काळात ती रात्रभर बाहेर होती का, एवढे तीन शब्द पुरेत. पुढे पशुवैद्याला याचा जितका उपयोग होतो, तितका ‘पोट केवढे दिसते’ याच्या वर्णनाचा होत नाही.

मांजरीचा गर्भकाळ सरासरी ६३ ते ६५ दिवसांचा, म्हणजे सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. थोडे मागेपुढे होऊ शकते. समजा, संग १ मार्चच्या सुमारास झाला, तर मांजरी ३ ते ५ मेच्या आसपास व्यायची. १७ ते २२ मार्चच्या दरम्यान स्तनाग्रांचा रंग बदललेला दिसेल. २६ मार्चच्या सुमारास सोनोग्राफीत पिल्लांची हृदये धडधडताना दिसतील. पोटाचा आकार मात्र एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कुठे डोळ्यांत भरू लागेल. २८ एप्रिलच्या आधी व्याली तर पिल्ले अपुऱ्या दिवसांची आणि अशक्त असण्याची भीती असते. १० मे उलटूनही काहीच हालचाल नसेल, तर मांजरी बरी दिसत असली तरी तिला तपासून घ्यायला हवे.

आठवड्यागणिक काय दिसते?

पहिले दोन आठवडे बाहेरून काहीही कळत नाही. माज थांबतो, इतकेच.

तिसऱ्या आठवड्यात पहिली ठळक खूण दिसते. मांजरीच्या पोटावर दोन ओळींत सहसा आठ स्तनाग्रे असतात. एरवी केसांत दडलेली, बारीक आणि फिकट असलेली ही स्तनाग्रे आता गुलाबी आणि थोडी फुगीर होतात, त्यांच्याभोवतीचे केस विरळ होतात. पहिलटकरणीत हा बदल सहज दिसतो; आधी व्यालेल्या मांजरीची स्तनाग्रे मुळातच मोठी असल्याने तो तितका उठून दिसत नाही. याच सुमारास काहीजणींची भूक एक-दोन दिवस मंदावते, क्वचित एखादी उलटी होते. त्यानंतर भूक पुन्हा येते आणि वाढत जाते. उलट्या चालूच राहिल्या किंवा खाणे पूर्ण बंद झाले तर ते गाभणपणाचे लक्षण मानू नये.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून वजन वाढल्याचे जाणवते. घरी वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहायचे, मग मांजरीला घेऊन उभे राहायचे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तिचे वजन. आठवड्यातून एकदा हे केले की अंदाज येतो. पूर्ण दिवसांपर्यंत साधारण एक ते दोन किलो वजन वाढते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पोट दोन्ही बाजूंना भरलेले दिसते. वरून पाहिल्यास कमरेचा भाग रुंदावतो, पण पाठ आणि मान पूर्वीसारखीच राहते. केवळ लठ्ठपणा असेल तर चरबी मानेवर, पायांवर, सगळीकडे चढते.

सातव्या-आठव्या आठवड्यात, मांजरी निवांत आडवी झालेली असताना, पोटावर पिल्लांची हालचाल कधीकधी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. शेवटच्या आठवड्यात ती अंधारी, आडोशाची जागा शोधू लागते. कपाट, पलंगाखालची पेटी, गोधड्यांची चळत. स्तन भरतात, काहीवेळा दुधाचा थेंब दिसतो. तिचा स्वभावही बदलतो : काहीजणी माणसांना चिकटतात, काहीजणी कोणालाच जवळ येऊ देत नाहीत.

या सगळ्या काळात पोट दाबून ‘गाठी’ मोजण्याचा मोह आवरावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पशुवैद्य हाताने चाचपून मण्यांच्या माळेसारखे गर्भ ओळखू शकतात, पण ते सरावाचे काम आहे. अनोळखी हाताने जोर दिल्यास गर्भाला इजा होऊ शकते. तिच्या पोटात काही आजार असेल तर दाबणे त्याहून धोक्याचे.

सगळे काही जुळते, तरी पिल्ले नाहीत

बीज सुटले पण गर्भ राहिला नाही, असेही होते. मग शरीरात गाभणपणातलेच प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक काही आठवडे वाढलेले राहते. माज थांबतो, काहीवेळा स्तनाग्रे फुगतात, क्वचित पोटही थोडे भरल्यासारखे वाटते. हे खोटे गाभणपण. साधारण सहा आठवड्यांत ते आपोआप ओसरते आणि पुन्हा माज येतो. म्हणून ‘ओरडणे थांबले, म्हणजे दिवस राहिले’ हा हिशेब पुरेसा नाही.

त्याहून गंभीर आहे ती गर्भाशयात पू होण्याची व्याधी. वैद्यकीय भाषेत तिला पायोमेट्रा म्हणतात. माजानंतर प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्याचे आकुंचन मंदावते आणि तिथली प्रतिकारशक्तीही कमी होते. ही सगळी तयारी खरे तर गर्भ रुजावा म्हणून असते. पण याच वेळी आत जंतू शिरले, तर त्यांनाही तितकीच सोयीची जागा मिळते. माजानंतर साधारण दोन ते आठ आठवड्यांत हा आजार डोके वर काढतो. नेमक्या याच दिवसांत घरचे लोक पिल्लांची वाट पाहत असतात. घोटाळा होतो तो इथेच.

गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर दुर्गंधीयुक्त, पिवळसर किंवा लालसर स्राव बाहेर येतो. मांजरी स्वच्छतेची पक्की. ती तो चाटून टाकते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. तोंड बंद असेल तर पू आतच साठत जातो, पोट वाढते आणि मांजरी अधिकच ‘गाभण’ दिसू लागते. हा प्रकार जास्त घातक. गर्भाशय फुटून पू पोटात पसरू शकतो किंवा जंतूंचे विष रक्तात भिनू शकते.

मग घरी फरक कसा ओळखायचा? गाभण मांजरी आजारी दिसत नाही. ती खाते, अंग चाटून स्वच्छ ठेवते, हाक मारली की बघते. पोट वाढते आहे आणि त्याचबरोबर ती सुस्त आहे, खात नाही, पाणी आणि लघवी वाढली आहे, अंग तापलेले आहे, उलट्या होत आहेत किंवा मागून घाण वासाचा स्राव येतो आहे, यांतले काहीही असेल तर ‘पिल्लं येतील’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. बहुतेक वेळा ऑपरेशन करून गर्भाशय आणि बीजकोश काढणे हाच खात्रीचा उपाय असतो. वेळेवर झाले तर मांजरी बरी होते.

माज थांबवण्यासाठी मांजरीला संप्रेरकांची इंजेक्शने किंवा बायकांच्या पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या देण्याचा उपायही काही ठिकाणी केला जातो. प्रोजेस्टेरॉनसारख्या या औषधांमुळे पायोमेट्रा आणि स्तनांच्या गाठी या दोन्हींचा धोका वाढतो. स्वस्तातला हा उपाय पुढे महागात पडतो.

पोट वाढण्याची आणखीही कारणे आहेत. लहान मांजरांत जंतांमुळे पोट घागरीसारखे फुगते, हातपाय मात्र काटकुळे राहतात. एका विशिष्ट कोरोना विषाणूपासून उद्भवणाऱ्या मांजरांच्या आजारात पोटात पाणी साठते. (या विषाणूचा माणसातल्या कोविडशी संबंध नाही.) बद्धकोष्ठ, मूत्राशय तुंबणे, गाठी हीदेखील कारणे असू शकतात. यांतले एकही घरी बसून ओळखता येत नाही.

खात्री करण्याचे मार्ग

पहिला प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो तो औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या किटचा. माणसांसाठीचे किट मांजरीसाठी निरुपयोगी आहे. स्त्रीच्या गर्भारपणात तयार होणारे एचसीजी हे संप्रेरक ते किट शोधते. मांजरीच्या शरीरात ते तयारच होत नाही. गाभण असो वा नसो, उत्तर ‘नाही’ असेच येणार.

खात्रीचा मार्ग म्हणजे सोनोग्राफी. संगानंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी केल्यास गर्भ आहेत का आणि त्यांची हृदये चालू आहेत का, हे कळते. पू असल्यास तोही दिसतो. पिल्ले किती, हा आकडा मात्र सोनोग्राफीत चुकू शकतो. त्यासाठी ५० दिवसांनंतर, म्हणजे पिल्लांची हाडे पुरेशी घट्ट झाल्यावर, एक्स-रे काढतात. हा आकडा ठाऊक असला की व्यायच्या वेळी ‘अजून आत कोणी आहे का’ हा प्रश्न उरत नाही. मांजरीला एका वेतात सरासरी चार पिल्ले होतात. रिलॅक्सिन या संप्रेरकाची रक्ततपासणीही काही ठिकाणी होते. हे संप्रेरक वारेतून येत असल्याने त्यावरून खरे आणि खोटे गाभणपण वेगळे करता येते.

तपासणीसाठी मोठ्या शहरात खासगी दवाखाने आहेतच. मुंबईत परळचे ‘बैलघोडा’ म्हणून ओळखले जाणारे प्राण्यांचे रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. गावाकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींसाठीच असतो, असा समज आहे. तिथले पशुवैद्य मांजरीलाही तपासू शकतात आणि सोनोग्राफीची सोय जवळ कुठे आहे, हे सांगू शकतात.

काय द्यावे, काय देऊ नये

गाभण मांजरीला नेहमीपेक्षा सुमारे सव्वा ते दीडपट अन्न लागते. पोटात जागा कमी होत जाते, म्हणून थोडे थोडे, चार-पाच वेळा द्यावे. मांजर मूळचे मांसाहारी. दूध-पोळीवर तिचे आणि पिल्लांचे भागत नाही. उकडलेले अंडे, शिजवलेली, हाडेकाटे काढलेली कोंबडी किंवा मासळी, अथवा पिल्लांसाठी मिळणारे तयार खाद्य द्यावे. त्यात प्रथिने आणि ऊर्जा जास्त असते. मोठ्या वयाच्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःहून चारू नयेत. शरीराची स्वतःची कॅल्शियम पुरवण्याची यंत्रणा त्यामुळे सुस्तावते आणि पिल्ले दूध पिऊ लागल्यावर रक्तातले कॅल्शियम एकदम घसरू शकते.

घरातल्या औषधांच्या डब्याला तर हातही लावू नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निकामी करण्याची यकृतातली व्यवस्था मांजरात फार दुबळी असते. त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेऊ शकत नाहीत, हिरड्या तपकिरी पडतात. नायट्यासाठी दिले जाणारे ग्रिसिओफुल्विन गाभण मांजरीच्या पिल्लांत व्यंग निर्माण करू शकते. कुत्र्यांच्या पिसवांवरचे परमेथ्रिन असलेले औषध मांजराला विषारी आहे. जंताचे औषध आणि लस यांबाबतही, मांजरी गाभण असल्याची शंका आहे, हे पशुवैद्याला आधीच सांगावे. काही लशी या काळात देत नाहीत.

व्यायची वेळ

कळा सुरू होण्याआधीचे बारा ते चोवीस तास मांजरी अस्वस्थ असते. ती घिरट्या घालते, जागा उकरते, जोरजोरात श्वास घेते, खात नाही. मग कळा येतात. पिल्लामागून पिल्लू दहा मिनिटे ते तासाभराच्या अंतराने येते. काही पिल्ले शेपटीकडून येतात. मांजरीत ते नेहमीचेच आहे. मांजरी पिशवी फाडते, नाळ तोडते, वार खाते. हे तिचे काम तिला करू द्यावे. पिल्ले जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच आईचा चीक प्यायली पाहिजेत.

मात्र पुढच्या गोष्टी दिसल्या तर रात्र असली तरी पशुवैद्याला फोन करावा. जोरदार कळा वीस-तीस मिनिटे येऊनही पिल्लू न येणे. पिल्लू अर्धे बाहेर येऊन अडकणे. एकही पिल्लू आलेले नसताना हिरवा-काळा स्राव दिसणे. खूप रक्त जाणे. मांजरी गळून पडणे. अडकलेले पिल्लू हाताने ओढू नये.

‘मांजर पिल्लांना सात घरं फिरवते’ असे आपल्याकडे म्हणतात. प्रत्यक्षात जागेवर वर्दळ वाढली, गोंगाट झाला किंवा जागा ओली-घाण झाली, की ती पिल्ले हलवते. पहिले काही दिवस पाहुण्यांची रांग लावली नाही, तर ती बहुधा एकाच घरात सुखाने राहते. या दिवसांत तिने चावा घेतला किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीबाबत विचारावे. मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम वरून टिचभर दिसते, पण जंतू खोल जातात.

घरात गर्भवती असेल तर

मांजरी गाभण आणि सूनही गर्भार, असा योग काही घरांत येतो. लगेच कोणीतरी ‘मांजर आधी बाहेर काढा’ म्हणते. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. गर्भारपणात स्त्रीला त्याची प्रथमच लागण झाली तर बाळाला धोका पोहोचू शकतो, हे खरे आहे. पण मांजर या परजीवीची अंडी सहसा पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच विष्ठेतून टाकते. ती अंडीही बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. त्यामुळे मातीचा ट्रे रोजच्या रोज साफ करावा आणि ते काम गर्भवतीने न करता घरातल्या दुसऱ्याने करावे. मांजरीला कच्चे मांस देऊ नये. गर्भवतीने बागेत माती हाताळताना हातमोजे घालावेत. माणसाला ही लागण अर्धकच्चे मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही होते. म्हणून मटण-चिकन पूर्ण शिजवणे, कोशिंबिरीची भाजी नीट धुणे आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे ही काळजी घरात मांजर नसले तरी घ्यायचीच आहे. शंका असल्यास गर्भवतीने आपल्या डॉक्टरांना घरात मांजर असल्याचे सांगावे. मांजरीला हाकलण्याची गरज नाही.

पुढचे वेत नको असेल तर

पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते. एका वर्षात दोन-तीन वेत होणे तिच्यासाठी अवघड नाही. अवघड होते ते पिल्लांना घर शोधणे. म्हणून पिल्ले सुटी होईपर्यंत तिला बाहेर सोडू नये आणि त्यानंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने नसबंदी करून घ्यावी. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर तब्येत बिघडते’ या समजुतीला आधार नाही. उलट, सहा महिन्यांच्या वयाआत नसबंदी केली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो. पायोमेट्राचा धोकाही जवळपास संपतो. बोक्याचीही नसबंदी करावी. ते ऑपरेशन सोपे आणि कमी खर्चाचे असते.

मांजर दुखणे लपवते. वेदना असली तरी ती निमूट कोपऱ्यात बसते आणि बघणाऱ्याला ती फक्त ‘जड’ झाली आहे असे वाटते. म्हणून पोट वाढलेले दिसले की घरच्यांनी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. ती शेवटची माजावर कधी होती? स्तनाग्रे गुलाबी झाली आहेत का? ती नीट खाते आहे का? मागून काही स्राव आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे जुळली आणि चौथ्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर एकदा सोनोग्राफी करून घ्यावी आणि मग खुशाल खोका शोधावा. एकही उत्तर खटकले, तर खोका राहू द्यावा आणि मांजरीला पिशवीत घालून दवाखान्यात न्यावे, त्याच दिवशी.